तंजावरचं बृहदीश्वर मंदिर: आई-बाबांसोबत जायचंय, दोन तास पुरतील का?

मेघना_वाई

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आई-बाबांना घेऊन तामिळनाडूला जायचं चाललंय. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. आईचे गुडघे कुरकुर करतात, पण देऊळ म्हटलं की ती सगळ्यांच्या पुढे असते. टूरवाल्यांनी जो कार्यक्रम पाठवलाय त्यात तंजावरला सकाळी दोन तास, मग लगेच गाडीत बसून कुंभकोणम्, असं आहे.

मला हे अजिबात पटलेलं नाही. राजराजा चोळाने १०१० साली पुरं केलेलं देऊळ, आणि त्याच देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला. बाबा तर केवळ त्या शिलालेखासाठी इतक्या लांब यायला तयार झालेत. दोन तासांत काय बघून होणार?

जाऊन आलेल्यांनी सांगा: किती वेळ ठेवावा, आधी काय बघावं, शिलालेख नक्की कुठल्या बाजूला आहे आणि तो वाचता येतो का? आईला कितपत चालावं लागेल? देऊळ नीट बघायचं तर टूर सोडून स्वतः जाणं बरं, असं माझं मत होत चाललंय.

भटकभवानी

स्वतः जा. चर्चा संपली. :-)

आता सविस्तर. विमानाने त्रिचीला उतरायचं, तिथून तंजावर साठ किलोमीटरच्या आत आहे. रेल्वेने चेन्नईपर्यंत गेलात तर तिथून रात्रीच्या गाडीने पहाटे तंजावरला पोचता येतं, आणि स्टेशनपासून देऊळ अगदी जवळ आहे. मुक्काम तंजावरलाच करा. देऊळ सकाळी सहाला उघडतं, साडेबाराच्या सुमारास गाभारा बंद होतो, परत चारला उघडून साडेआठपर्यंत चालू असतं. एकदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी, अशा दोन खेपा करा. मधल्या उन्हात तिथे जाऊच नका. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अंगण सगळं दगडाचं आहे. जाड पायमोजे जवळ ठेवा, आईंसाठी तर नक्कीच.

दगडूशेठ_स्थपती

भटकभवानींशी सहमत, दोन खेपा हव्याच. वास्तूचं थोडं सांगतो, म्हणजे बाबांना तयारीने जाता येईल.

पूर्वेकडून आत शिरताना आधी मराठा काळातलं प्रवेशद्वार लागतं. त्यानंतर केरळांतक गोपुर (गोपुर म्हणजे प्रवेशद्वारावरचा मनोरा), राजराजाने केरळच्या चेर राजांवर मिळवलेल्या विजयाच्या नावाचं. मग राजराज गोपुर. इथे पाच मिनिटं थांबाच. दोन्ही बाजूंना प्रचंड द्वारपाल आहेत, आणि खाली पायथ्याशी शिवकथांचे छोटे छोटे शिल्पपट आहेत. बहुतेक लोक पुढचं विमान (गाभाऱ्यावरचं शिखर) दिसल्यावर धावत सुटतात आणि ते पट राहून जातात.

बाकीच्या दक्षिणी देवळांत गोपुरं उंच आणि गाभाऱ्यावरचं विमान बुटकं असतं. मदुराई, श्रीरंगम् डोळ्यासमोर आणा. इथे उलट आहे. गोपुरं लहान, आणि गाभाऱ्यावर साठ मीटरच्या वर गेलेलं तेरा तळांचं विमान. देवाचं स्थान सगळ्यात उंच, ही चोळांची कल्पना. उंच गोपुरांची चाल नंतरच्या शतकांत आली.

सगळं ग्रॅनाइटमध्ये आहे, हे तर विसरूच नका. कावेरीचा तो भाग म्हणजे नुसती गाळाची जमीन, भाताची खाचरं. दगड नाहीच. पन्नासेक किलोमीटरवरून तो आणला. आपल्या घारापुरी-वेरूळला डोंगरच समोर होता, कातळ वरून खाली कोरत गेले. इथे एकेक चिरा वाहून आणून, चुन्याशिवाय एकावर एक रचलाय. आणि ग्रॅनाइट म्हणजे आपल्या बेसॉल्टपेक्षाही चिवट. त्यावर त्या काळच्या छिन्नीने अक्षरं इतकी रेखीव काढलीत की आजही तमिळ येणारा माणूस पायथ्याशी उभा राहून वाचत जातो.

विनायक_नाशिककर

मराठी माणसाने आयुष्यात एकदा तरी तंजावरला जायलाच हवं. शिवरायांचे भाऊ व्यंकोजीराजे तिथे गेले आणि त्यांच्या वंशाने १८५५ पर्यंत राज्य केलं. म्हणजे पेशवाई बुडाल्यावरही तंजावरला भोसले गादीवर होतेच! ते देऊळ आपल्याच राजांनी सांभाळलं. आजही त्या देवस्थानाचं वंशपरंपरागत विश्वस्तपण भोसले घराण्याकडे आहे. मला तर तिथे उभं राहिल्यावर आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

शंकासूर

विनायकराव, भावना पोचली. पण 'गादीवर होते' याचा अर्थ नीट सांगायला हवा. १७९९ च्या तहात सरफोजी राजांनी राज्यकारभार इंग्रजांकडे दिला. त्यांच्या हातात उरला तो तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे, शिवाजी, पुत्राविना वारले आणि तेवढंही खालसा झालं.

शिवाय देऊळ राजराजाचं. भोसले तिथे पोचले त्याच्या आधी साडेसहाशे वर्षं ते उभं होतं. पांड्य राजांनी त्यात भर घातली, नायक राजांनी घातली, मग आपल्या लोकांनी. मेघनाताई, बाबांना शिलालेख जरूर दाखवा, पण आधी चोळांचं देऊळ चोळांचं म्हणून बघू द्या.

विनायक_नाशिककर

शंकासूर, देऊळ आपण बांधलं असं मी म्हटलेलंच नाही. सांभाळलं म्हटलंय. सांभाळणंही कमी नसतं.

कावेरीकाठचा

बरेच दिवस इथे नुसता वाचतो, आज लिहितो. मी तंजावरचा मराठी. पिढ्या तिथेच गेल्या, आता नोकरीमुळे चेन्नईत असतो. आमच्या घरी मराठी बोलतात, पण शाळा तमिळमधून झाली. देवनागरी मी मोठेपणी, हट्टाने शिकलो, तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

विनायकजींचं आणि शंकासूरांचं, दोन्ही बरोबर आहे असं मला वाटतं. आमच्यासाठी ते 'पेरिय कोविल', मोठं देऊळ. लहानपणी संध्याकाळी आजी घेऊन जायची. ती नंदीपाशी तमिळमध्ये तेवारम्, म्हणजे शिवाची स्तोत्रं, म्हणायची आणि परत येताना आम्हाला रामदासांचे मनाचे श्लोक म्हणायला लावायची. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरला मराठा काळापासून आहेत. यात काही वेगळं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

मेघनाताई, शिलालेखाचं ठिकाण: मुख्य देवळात शिरलात की डावीकडून प्रदक्षिणा चालू करा. अंगणाच्या कडेने ओवऱ्या आहेत. नैऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ लागेल, ते सरफोजी राजांच्या काळचं. त्याच भागात ओवरीच्या भिंतीवर मराठी लेख आहे. पाटी शोधत बसू नका, भिंतीकडे बघत चाला. देवनागरी अक्षरं दिसली की मराठी माणसाला कळतंच.

मोडीवाचक

कावेरीकाठचा, तुमचं मराठी आमच्यापेक्षा नीट आहे. लिहीत राहा.

लेखाबद्दल सांगतो. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजींनी तो कोरवून घेतला. दरबारातल्या बाबूराव चिटणिसांनी मजकूर तयार केला. भोसले वंशाचं चरित्र आहे: पूर्वज, मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, व्यंकोजी आणि पुढे तंजावरचे राजे, थेट सरफोजींपर्यंत. लिपी देवनागरी. रोजच्या कारभाराचे तिथले कागद मोडीत आहेत, पण भिंतीवर मोडी नाही. त्यामुळे मेघनाताईंच्या बाबांना अक्षर ओळखायला अडचण येणार नाही. अडचण आहे ती भाषेची. बखरीचं वळण, फारशी शब्द, विरामचिन्हं नाहीत, शब्द सलग. आणि लेख इतका लांब आहे की उभ्या उभ्या सगळा वाचणं शक्य नाही. मजकूर पुस्तकरूपात छापलेला आहे. तो आधी वाचून गेलं तर भिंतीवर नावं सापडत जातात, आणि तो आनंद फार मोठा असतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तारीख बघा. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले, तेही चुलते अमरसिंग यांच्याशी दत्तकविधानावरून झालेल्या मोठ्या वादानंतर. १७९९ मध्ये राज्य गेलं. आणि १८०३ मध्ये हा राजा आपल्या घराण्याचा सगळा इतिहास दगडात कोरायला बसतो. आपण कोण, कुठून आलो, गादीवर आपला हक्क काय, हे कागदावर सांगून भागेना, म्हणून त्याने राज्यातल्या सगळ्यात मोठ्या देवळाची भिंत निवडली. त्याच देवळात राजराजानेही आपलं सगळं दगडातच लिहून ठेवलं होतं. मला तो लेख वाचताना अभिमानापेक्षा त्या माणसाची तळमळ जास्त जाणवली.

अनुजा_सिंगापूर

मोडीवाचक, काय सुंदर लिहिलंत! या नजरेने कधीच बघितलं नव्हतं.

आम्ही गेलो होतो तेव्हा मुलांना नंदी सगळ्यात आवडला. एका दगडातला, लांबीला सहा मीटरच्या आसपास. तो वाढत होता म्हणून पाठीत खिळा मारला, अशी गोष्ट तिथल्या एका आजींनी खुणा करून करून सांगितली. मुलं परत येईपर्यंत त्या खिळ्याबद्दलच बोलत होती.

आणि हो, देवळाची सावली जमिनीवर पडत नाही ना? गाइडने तसं सांगितलं.

शंकासूर

पडते. संध्याकाळी अंगणात त्या सावलीतच लोक बसतात.

दगडूशेठ_स्थपती

अनुजाताई, शंकासूर म्हणतात ते खरं आहे, पण ही समजूत कुठून आली असेल ते कळण्यासारखं आहे. विमानाचा पायाच एका बाजूला तीस मीटर आहे. वर जाताना ते निमुळतं होत जातं. दुपारी सूर्य डोक्यावर असला की वरच्या टोकाची सावली खालच्याच तळांवर, नाहीतर पायावर पडते, जमिनीपर्यंत पोचत नाही. तंजावर विषुववृत्ताच्या इतकं जवळ आहे की वर्षात दोनदा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. सकाळी किंवा संध्याकाळी जाऊन बघितलंत तर लांबलचक सावली दिसेल.

तसंच ते शिखरावरच्या ऐंशी टनांच्या एकसंध दगडाचं. मीही वर्षानुवर्षं ते ऐकत आलो. माथ्यावरचा घुमट अनेक खंड जोडून केलेला आहे, असं अभ्यासकांनी दाखवलंय. माझ्या मते त्याने कौतुक कमी होत नाही, वाढतं. एवढ्या उंचीवर ग्रॅनाइटचे वाकवलेले तुकडे इतके बेमालूम जोडले की हजार वर्षं लोक त्याला एकच दगड समजले!

विनायक_नाशिककर

आणि हॅट घातलेला इंग्रज? विमानावर उत्तर बाजूला एक टोपीवाला साहेब आहे, मी डोळ्यांनी बघितलाय. राजराजाला इंग्रज येणार हे आधीच कळलं होतं म्हणतात.

दगडूशेठ_स्थपती

आहे, बरोबर बघितलंत. पण विमानावर नंतर अनेकदा डागडुजी झाली, चुन्यातलं कामही झालं. रघुनाथ नायकाच्या काळात, १६२० मध्ये, डॅनिश लोकांनी तरंगमबाडीला ठाणं मांडलं होतं. नायकांच्या किंवा मराठ्यांच्या काळातल्या कुणा कारागिराने समोर बघितलेला युरोपीय माणूस घडवला असणार. मला तो कारागीर आवडतो. आपल्या काळाची खूण ठेवून गेला.

पेशवाई_मिसळ

मंडळी, इतका इतिहास झाला, जेवणाचं कुणी बोलेना. तंजावरला सकाळी पोंगल-वडा, दुपारी केळीच्या पानावरचं जेवण, आणि तेरा किलोमीटरवर तिरुवैयारूला अशोका हलवा. मुगाच्या डाळीचा, तुपात निथळणारा, गरम गरम. पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घासात आपला वाटतो. कॉफी दवरा-टंबलरमधून, म्हणजे वाटी-पेल्यातून. ती घेताना गप्पा मारू नका, निवते.

भटकभवानी

मिसळभाऊंना सगळे धागे खाऊगल्लीतच आणायचे असतात. :-) पण तिरुवैयारूचं सुचवलंत ते उत्तम. मेघना, तिथे कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. पुष्य वद्य पंचमीला तिथे आराधना असते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती (पाच रचना) गातात. ती बहुतेक जानेवारीतच येते. तुमच्या तारखांशी जुळत असेल तर चुकवू नका. त्यागराज आणि सरफोजी एकाच काळातले.

सुरेल_सांज

त्यागराजांना तंजावरच्या दरबारातून बोलावणं आलं, धन आलं, आणि त्यांनी ते नाकारलं, अशी कथा आहे. 'निधि चाल सुखमा' ही कल्याणी रागातली कृती त्या वेळची मानतात. संपत्तीत सुख आहे की रामाच्या सन्निधीत, असं त्यात विचारलंय. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे भाऊ होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंत ज्या क्रमाने होतो, ती घडी त्यांची मानली जाते. आपल्याकडचं कीर्तनही मराठ्यांबरोबर तिकडे गेलं आणि तिथल्या हरिकथेत मिसळलं. माझ्या गुरू नेहमी सांगायच्या, तंजावर बघायचं तर कानांनी बघ.

मेघना_वाई

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवतेय. मोडीवाचकांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांचा प्रश्न असा: सरफोजींच्या लेखाबद्दल इतकं बोलणं झालं, पण राजराजाने भिंतीवर नक्की काय लिहिलंय? लढायांची वर्णनं आहेत का?

दगडूशेठ_स्थपती

बाबांना नमस्कार सांगा. हा प्रश्न धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता.

लढाया आहेत, प्रशस्ती आहे. पण भिंतीचा मोठा भाग हिशोबाचा आहे. सुरुवातीलाच राजा आज्ञा देतो: आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं विमानाच्या दगडावर कोरा. बहीण म्हणजे कुंदवै. तिचं नाव राण्यांच्या आधी आहे. तिने आपल्या आई-वडिलांच्याही मूर्ती देवळाला दिल्या.

मग याद्या. दागिन्यांत मोती किती, वजन किती. कुठल्या गावाने किती भात द्यायचा. अखंड दिव्याच्या तुपासाठी एका दिव्यामागे ९६ मेंढ्या, आणि त्या कुठल्या गुराख्याकडे सोपवल्या ते. देवळासाठी राज्यातल्या वेगवेगळ्या देवस्थानांतून ४०० नर्तिका आणल्या, त्यांच्यासाठी घरांच्या रांगा बांधल्या, आणि प्रत्येकीचं नाव, ती मूळ कुठल्या देवळातली, तिचं घर कुठल्या रांगेत, हे कोरलंय. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम (धान्याचं माप) भात. वादक, शिंपी, सोनार, हिशेबनीस यांच्याही नोंदी आहेत. मुख्य स्थपतीचं नाव आहे: कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. राज्याच्या २५व्या वर्षी २७५व्या दिवशी राजाने कळस दिला, तोही दिवस नोंदलाय.

आपल्याकडच्या किती देवळांच्या गवंड्याचं नाव आपल्याला माहीत आहे? म्हणून मी म्हणतो, पायथ्याच्या अक्षरांसमोर उभं राहा. तमिळ येत नसली तरी चालेल. तिथे हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांची नावं आहेत, एवढं माहीत असलं तरी पुरे.

मोडीवाचक

आणि यातली एक गोष्ट मला फार लागते. एवढं कोरून ठेवलं, तरी पुढे लोक राजराजाला विसरले. स्थळपुराणात देऊळ दुसऱ्याच एका कुष्ठी राजाच्या नावावर होतं. १८८६ मध्ये हुल्ट्झ नावाच्या जर्मन अभ्यासकाने हे लेख वाचले आणि देऊळ राजराजाचं असल्याचं पक्कं झालं. म्हणजे सरफोजींनी त्याच अंगणात आपला लेख कोरवला, तेव्हा समोरच्या भिंतीवरचा मजकूर असा कुणी वाचत नव्हतं.

गिरिजा_पुणे

बाप रे. हे वाचून काटा आला.

रंगचित्रांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद बोळात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. वर नायकांच्या काळात नवी चित्रं काढली होती, त्याखाली ती झाकली गेली. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना ती सापडली. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा थर अलगद सोडवून खालचा मोकळा केला. हा बोळ सर्वांसाठी खुला नसतो. वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी (नृत्यातल्या हालचाली) ८१ कोरलेली आहेत, तिथेही सोडत नाहीत. छायाचित्रं बघून जा. करणं ८१ वरच थांबली आहेत, पुढचे दगड नुसते तयार करून ठेवलेत. मी नृत्य शिकते, मला ते कोरे दगड बघायची फार इच्छा आहे.

शंकासूर

गिरिजाताई, बंद ठेवलंय ते योग्यच आहे. अरुंद जागा, शेकडो माणसांचा श्वास, दमटपणा. त्या रंगांना हे सोसणार नाही. चोळांवरचे सिनेमे आल्यापासून सुट्ट्यांत गर्दी अतोनात वाढलीय.

गिरिजा_पुणे

बंद ठेवा, पण बाहेर चांगल्या प्रतिकृती आणि माहिती तरी भरपूर लावा, एवढंच माझं म्हणणं. हजारो किलोमीटरवरून आलेल्या माणसाला काय आत आहे हे कळायला नको?

विनायक_नाशिककर

यावर माझं आणि गिरिजाताईंचं एकमत. शंकासूर, तुम्हीही हो म्हणा.

शंकासूर

हो. :-)

राम_बंगळुरू

२०२० चा कुंभाभिषेक, म्हणजे देवळाच्या पुनःप्रतिष्ठेचा सोहळा, आम्ही बघितला, ५ फेब्रुवारीला. त्याआधी मंत्र संस्कृतात व्हावेत की तमिळमध्ये, यावर न्यायालयापर्यंत गेले होते. दोन्ही भाषांत करा, असं ठरलं. त्या दिवशीची गर्दी शब्दांत सांगता येणार नाही. १९९७ च्या कुंभाभिषेकाच्या वेळी यज्ञमंडपाला आग लागून चाळीसहून अधिक माणसं गेली होती. त्यामुळे या वेळी जिकडेतिकडे अग्निशमन दल होतं. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांचे नातलग त्या आगीत गेले होते. कळसावर पाणी पडलं तेव्हा ते हात जोडून रडत होते.

कावेरीकाठचा

रामजी, ती आग आमच्या गावात अजून कुणी विसरलेलं नाही.

मेघनाताई, परत तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आईंसाठी: अंगण सपाट आहे, मोठं आहे, बसायला ओवऱ्या आहेत. गाभाऱ्याकडे जाताना मात्र पायऱ्या चढाव्या लागतात, आणि गोपुरांचे उंबरे उंच आहेत. हात धरायला माणूस हवा. आतलं शिवलिंग बारा-तेरा फुटांचं आहे, त्यामुळे गर्दी असली तरी लांबून दर्शन होतं. डावीकडे बृहन्नायकीचं देऊळ आहे असं समजून चुकू नका, देवीचं देऊळ उत्तरेला, नंदीच्या जवळ आहे. ते पांड्यांच्या काळचं. वायव्येला सुब्रह्मण्याचं देऊळ, नायकांचं. आकाराने लहान, पण त्यातलं कोरीव काम दागिन्यासारखं नाजूक. आईंना ते नक्की दाखवा. वाराही अम्मन देवीपुढेही अलीकडे खूप लोक असतात.

मुक्काम दोन रात्री करा. पहिल्या दिवशी संध्याकाळी नुसतं दर्शन. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिलालेख आणि शिल्पं. त्या वेळी ओवऱ्यांत कुणी नसतं, बाबांना शांतपणे वाचता येईल. मग नाश्ता करून राजवाडा: दरबार हॉल, सरस्वती महाल या जुन्या ग्रंथालयाचं संग्रहालय आणि कलादालनातल्या कांस्यमूर्ती. तिरुवेंकाडूहून आलेला वृषभवाहन शिव तिथे आहे, देवळाच्याच काळातला, १०११ च्या सुमाराचा. नंदीवर टेकलेला हात आहे, नंदी मात्र नाही. बाबांना इतिहासाची आवड आहे तर तिथे तास जाईल.

मोडीवाचक

सरस्वती महालात हजारो मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. सरफोजींचं 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत आहे, जगाचा भूगोल गाण्यांतून शिकवणारं. संग्रहालयाच्या भागात थोडंच मांडलेलं असतं, बाकी अभ्यासकांसाठी. तिथल्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद छापलेत. त्या कामासाठी मोडी आणि तमिळ दोन्ही येणारी माणसं लागतात आणि ती कमी होत चालली आहेत. कावेरीकाठचा, तुमच्यासारख्या कुणी मोडी शिकायचं मनावर घेतलं तर मी शिकवायला तयार आहे. व्हिडिओवरून, आठवड्यातून एकदा. मनापासून सांगतोय.

कावेरीकाठचा

सर, मला निरोप पाठवा. माझ्या आजोबांच्या पेटीत मोडी कागद आहेत, घरात कुणालाच वाचता येत नाहीत. माझी धाकटी बहीणही बसेल.

मेघना_वाई

टूर रद्द केली! तंजावरला दोन रात्री, कुंभकोणम्-दारासुरम् एक दिवस, आणि जमलं तर गंगैकोंडचोळपुरम्. बाबांनी शिलालेखाचं पुस्तक मागवायला सांगितलंय आणि आईने अशोका हलवा आधी की देऊळ आधी, असं विचारलंय.

पेशवाई_मिसळ

आई माझ्या पार्टीत. हलवा आधी.

दगडूशेठ_स्थपती

मेघना, गंगैकोंडचोळपुरम् 'जमलं तर'मध्ये ठेवू नका. राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने बांधलेलं. तंजावरचं विमान सरळ रेषेत चढतं, तिथलं बाक घेत वर जातं. वडिलांचं आणि मुलाचं देऊळ लागोपाठच्या दिवशी बघायला मिळणं हे भाग्य आहे. तंजावरपासून सत्तर किलोमीटर, गाडी करा. दारासुरमचं देऊळ दुसऱ्या राजराजाचं, बाराव्या शतकातलं. ही तिन्ही मिळून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तंजावर १९८७ मध्ये गेलं, बाकीची दोन २००४ मध्ये जोडली.

सुनीता_ठाणे

धागा वाचून आमचंही फेब्रुवारीत ठरतंय. प्रदोषाला नंदीला अभिषेक असतो असं ऐकलंय. तो किती वाजता? आणि त्या दिवशी शिलालेखाजवळ जाता येतं का?

कावेरीकाठचा

सुनीताताई, पंचांगात दोन्ही पक्षांतल्या त्रयोदशी बघा. दुपारी साडेचारच्या आसपास अभिषेक सुरू होतो, दूध, चंदन, हळद. चारलाच जाऊन मंडपासमोर जागा धरा. गर्दी नंदीपाशी असते, त्यामुळे ओवऱ्या तशा मोकळ्या असतात, पण उजेड लवकर जातो. लेख वाचायचा असेल तर त्याच दिवशी सकाळी जाऊन या.